शेवटचे पुसणे

छपाई म्हटली की आम्हा साहित्याच्या माणसांच्या डोळ्यांसमोर कागद येतो. कागद आणि शाई यांचे नाते आम्ही इतके गृहीत धरलेले असते की त्याचा वेगळा विचार करण्याची वेळच येत नाही. कागदाला तहान असते. शाई आली की तो ती पितो आणि तिला आपल्यात मुरवून घेतो. काचेला, पत्र्याला, अॅक्रिलिकला अशी तहान नसते. त्यांच्यावर शाई मुरत नाही, नुसती बसते. आणि बसलेली गोष्ट उठूही शकते. एवढे साधे सत्य उमगण्यासाठी आम्हांला वयाची ५८ वर्षे आणि शिरूरच्या एका गाळ्यातल्या तीन फेऱ्या खर्चाव्या लागल्या. त्या फेऱ्यांची ही हकीकत आहे. तीत थोडी छपाई आहे, थोडा इतिहास आहे आणि सांगितल्यावाचून सुटका नाही असा एक कबुलीजबाबही आहे.

प्रथम प्रसंग सांगायला हवा. आमची आई शिरूर तालुक्यातली, घोडनदीच्या काठची. लग्न होऊन ती भीमेकाठी, दौंडकडे आली. घोडनदीचे पाणीही पुढे भीमेलाच मिळते, त्यामुळे आपण पाण्याच्याच वाटेने सासरी आलो असे ती म्हणत असे. शाळा तिला लाभली नाही. चाळिशी उलटल्यावर रात्रीच्या प्रौढ साक्षरता वर्गात ती अक्षरे शिकली आणि अक्षरे हाती येताच तिने पहिले काम कोणते केले असेल, तर १०० पानी वहीत जात्यावरच्या ओव्या लिहून काढल्या. तोवर घरातले जाते बंद पडले होते. गिरणीने दळणाचे कष्ट वाचवले, पण ओवी म्हणण्याचे निमित्तही नेले. गी पॉइतव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभरातून जमवलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह आज अभ्यासकांना उपलब्ध आहे आणि पुणे जिल्ह्यातल्या बायकांचा त्यात मोठा वाटा आहे. आमच्या आईकडे मात्र कोणी ध्वनिमुद्रक घेऊन आले नाही. तिची नोंद तिनेच केली.

आई गेल्यानंतर ती वही आम्ही विभागातल्या विद्यार्थ्यांना दाखवली. त्यांनी ठरवले की वहीतले एक पान, आईच्याच हस्ताक्षरात, मोठे करून काचेवर छापावे आणि विभागाच्या वाचनकक्षात लावावे. महाविद्यालयाने खर्चाला मान्यता दिली. छापायचे कुठे, हा प्रश्नच नव्हता. आमचा एक माजी विद्यार्थी शिरूरला नगर रस्त्यालगतच्या एका गाळ्यात फ्लॅटबेड यंत्र चालवतो. रांजणगाव औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी यंत्रांच्या पाट्या, विजेच्या पॅनेलांचे दर्शनी पत्रे, शिवाय दुकानांचे फलक, शाळांच्या नावपाट्या अशी त्याची रोजची कामे. बी.ए.ला मराठी विषय घेऊन तो छपाईत गेला, याचे आम्हांला वाईट वाटत असे. ते वाईट वाटणे किती अज्ञानाचे होते, हे पुढे कळले.

मार्च महिन्यात आम्ही वही घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने पान स्कॅन केले, पडद्यावर मोठे केले आणि पहिला प्रश्न विचारला, "सर, हे डाग ठेवायचे की काढायचे?" पानाच्या उजव्या कोपऱ्यात तेलाचा एक पुसट डाग होता. आईचे पान उलटायचे बोट नेहमी तिथेच पडत असावे. खाली हळदीचा एक पिवळा ठिपका होता. दुसरा प्रश्न अक्षरांचा. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका होत्या, एके ठिकाणी अक्षर गळले होते. आमच्या विद्यार्थ्यांनीच आदल्या दिवशी सुचवले होते की काचेवर कायमचे राहणार, तर शुद्धलेखन दुरुस्त करून घ्यावे. आम्ही सांगितले, एकही वेलांटी हलवायची नाही. आणि डागही राहू दे. तो म्हणाला, "मग कागदाचा पिवळटपणा तेवढा काढतो. तो कागदाचा आहे, आईंचा नाही." पाठचिकित्सेच्या तासाला मूळ संहिता आणि प्रक्षेप यांतला भेद समजावताना आम्ही जे सांगत आलो, ते त्याने एका वाक्यात उरकले होते.

तिसरा मुद्दा मात्र आम्ही त्याचा ऐकला नाही. काचेवर दोन प्रकारे छापता येते. अक्षरे उलटी करून काचेच्या मागच्या बाजूला छापली की समोरून ती सुलटी दिसतात आणि काच स्वतःच त्यांचे रक्षण करते. तसे करावे असे त्याचे मत होते. आम्ही हट्ट धरला की अक्षरे पुढच्याच बाजूला हवीत. यूव्ही शाईचा थर बोटांना जाणवतो, हे आम्ही नुकतेच त्याच्या एका नमुन्यावर अनुभवले होते. आईची अक्षरे कोणाला तरी हाताने चाचपता यावीत असे आम्हांला वाटले. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "मग पुसायला जास्त वेळ द्यावा लागेल."

छपाई दाखवतो म्हणून त्याने आम्हांला थांबवून घेतले. प्रत्यक्षात दाखवले ते पुसणे. छपाई वीसेक मिनिटांत आटोपली. पुसणे तासभर चालले.

काच दोन जाड कागदांमधून बाहेर आली. आमच्या नजरेला ती स्वच्छ होती. त्याने ती उजेडात तिरकी धरली आणि तिच्यावर तोंडाने वाफ सोडली. काचेवर क्षणभर कोणाची तरी चार बोटे, एक गोल वर्तुळ आणि फडक्याचे आडवेतिडवे फराटे उमटले आणि विरून गेले. ते वर्तुळ काच उचलण्याच्या रबरी पेल्याचे होते, बोटे काच कापणाऱ्याची. आधी त्याने मऊ ब्रशने धूळ झाडली, कारण धुळीसकट पुसले तर काचेवर चरे पडतात. मग साध्या साबणाच्या पाण्याने काच धुतली, त्यावर स्वच्छ पाणी सोडले आणि आम्हांला जवळ बोलावले. पाणी एकसंध पडद्यासारखे पसरले होते, पण एका कडेला ते फाटून त्याचे थेंब झाले होते. "तिथे अजून तेल आहे," तो म्हणाला.

अळवावरचे पाणी हा वाक्प्रचार आम्ही वर्गात किती वेळा वापरला असेल! क्षणभंगुरतेचे उदाहरण म्हणून आम्ही पाहिले ते पाण्याकडे. त्याने आम्हांला पानाकडे पाहायला लावले. थेंब टिकत नाही तो पाण्याच्या चंचलपणामुळे नव्हे, तर पान त्याला पसरू देत नाही म्हणून. प्रत्येक पृष्ठभागाला दुसऱ्या पदार्थाला धरून ठेवण्याची कमीअधिक ओढ असते. विज्ञानात ती मोजण्याचे एकक मिलिन्यूटन प्रति मीटर असे आहे. पाण्याची स्वतःला गोळा करून ठेवण्याची ओढ सुमारे ७२, तर पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पृष्ठभागाची ओढ जेमतेम ३०. त्यामुळे त्या प्लास्टिकवर पाण्याचे मणी होतात. छपाईची शाई पाण्याहून पुष्कळ कमी हट्टी असते, तरी नियम तोच आहे. पृष्ठभागाची ओढ शाईहून जास्त हवी. तरच ती पसरते आणि धरून राहते. पॉलिप्रॉपिलीन कितीही पुसले तरी भागत नाही. त्याच्यावरून क्षणभर ज्योत फिरवावी लागते किंवा विजेचा झोत सोडावा लागतो, तेव्हा ते शाईला थारा देते. काचेची ओढ मुळात भरपूर असते. पण त्याच ओढीने ती हवेतला तेलकटपणाही स्वतःकडे ओढून घेते. म्हणजे जे चांगले धरते तेच लवकर मळते. माणसांच्या बाबतीतही हे असेच असावे, असा विचार मनात आला. असो.

दुसऱ्या धुण्यानंतर पाणी फाटले नाही. काच वाळल्यावर त्याने हातमोजे बदलले आणि रुवा न सुटणारे कापड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवले. घरी आपण पुसतो तसे गोल गोल पुसायचे नाही. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, एकाच दिशेने, एकच फेर. मग कापडाची घडी उलटायची आणि नवा पदर काढायचा. त्याच्या डाव्या हातात दुसरे, कोरडे कापड होते. अल्कोहोल उडून जाण्याआधीच ते कापड मागोमाग फिरत होते. आम्ही विचारले, आपोआप वाळतेच की, मग दोन कापडे कशाला? त्याचे उत्तर आम्ही त्याच रात्री वहीत टिपून ठेवले: "तेल विरघळतं सर, नाहीसं होत नाही. ओलं असताना उचललं नाही तर अल्कोहोल उडून जातं आणि तेल पुन्हा तिथेच बसतं, फक्त सगळीकडे सारखं पसरून." अॅक्रिलिक असते तर थिनर वापरता आला नसता, त्याने बारीक तडे जातात; लाकूड असते तर आधी पॉलिश पेपर मारून भुसा काढावा लागला असता; पत्र्याला आणखी वेगळे. प्रत्येक वस्तूचा मळ निराळा आणि तो काढण्याची रीतही निराळी.

यानंतर काचेला प्रायमरचा अगदी पातळ हात द्यायचा होता. त्याला फोन आला म्हणून तो दाराशी गेला. काच समोर होती, इतकी स्वच्छ की ती आहे हे तिच्या कडेवरूनच कळत होते. तिथे आता आईचे अक्षर येणार या भावनेने म्हणा, किंवा निव्वळ सवयीने म्हणा, आम्ही खालच्या बाजूला आपला तळहात टेकवला. काच गार होती. तो परत येण्याआधी आम्ही हात काढून घेतला.

छपाई सुंदर झाली. यंत्राची पट्टी काचेवरून जात होती आणि तिच्यामागून येणारा निळा-जांभळा प्रकाश शाईला जागच्या जागी घट्ट करत होता. आईचा तो तेलाचा डागही फिकट करड्या शाईत हुबेहूब उतरला. आम्ही त्याच्यावरून बोट फिरवले. डाग हाताला लागत होता.

परतताना आम्ही न्हावरे-चौफुला रस्त्याने आलो. भीमा ओलांडली की थोड्याच वेळात केडगावचा परिसर येतो. या रस्त्याने आजवर अनेकदा गेलो असू, पण त्या दिवशी मुक्ती मिशनची आठवण निराळ्या कारणाने झाली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले आणि ते केडगावच्याच छापखान्यात, आश्रमातल्या स्त्रियांच्या हातून छापले जावे अशी व्यवस्था केली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. एका विदुषीचे भाषांतर म्हणून त्याची चर्चा होते, क्वचित त्याच्या भाषेचीही होते. पण ते छापणाऱ्या हातांविषयी आम्ही वर्गात कधी बोललो नाही. खिळ्यांच्या छपाईत फर्मा छापून झाला की खिळे रॉकेल आणि ब्रश घेऊन धुवावे लागत. वाळलेली शाई देवनागरीच्या बारीक पोकळ्यांत साचली की पुढच्या छपाईत ‘ध’ आणि ‘घ’ यांत फरक उरत नाही, अनुस्वाराचा ठिपका भरून जाड होतो. धुतलेले खिळे सोडवून पुन्हा आपापल्या घरात टाकायचे, सपाट पाटा पुसायचा, मग नवा फर्मा बांधायचा. ग्रंथाच्या हजारो ओळींमागे इतके धुणे उभे असते, आणि श्रेयनामावलीत त्याला जागा नसते.

त्यानंतरचे काही दिवस आम्ही छपाईच्या इतिहासाची पुस्तके काढून बसलो. आमचे लक्ष मुख्यतः शिळाछापाकडे गेले, कारण कठीण, सपाट पृष्ठभागावरून होणारी छपाई आपल्याकडे रुजली ती त्या रूपात. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मराठी पंचांग शिळाछापावर छापले. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा काढली. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे आमच्याच जिल्ह्यात, मळवलीला आला. १९७२ च्या आगीपर्यंत तो तिथे होता. घरोघरच्या भिंतींवर जी लक्ष्मी आणि सरस्वती पोचली, ती बव्हेरियातून आणलेल्या चुनखडीच्या दगडांवरून.

त्या दगडांची तयारी हे एक स्वतंत्र शास्त्र होते. दगडावर वाळू आणि पाणी घालून त्याच्यावर दुसरा दगड फिरवायचा. आधी जाड वाळू, मग बारीक, मग त्याहून बारीक. आधीचे चित्र पूर्ण जाईपर्यंत घासायचे. दगड कुठे खोलगट झाला नाही ना, हे पोलादी पट्टी आणि कागदाच्या चिठ्ठ्या लावून पाहायचे. जात्याला टाकी लावणारा माणूस आम्ही लहानपणी पाहिलेला आहे. जाते गुळगुळीत झाले की पीठ नीट पडत नाही, म्हणून पाथरवट त्याचे दगड टाचून पुन्हा खरबरीत करून देई. आईच्या ओव्या ज्या दगडावर जन्मल्या त्यालाही अशी तयारी लागत होती, हे तेव्हा कशाला सुचेल!

शिळाछापाचे तत्त्व वाचताना मात्र आम्ही थबकलो. तिथे चित्र काढतात तेच मुळी तेलकट शाईने किंवा खडूने. मग डिंक आणि सौम्य आम्ल यांचा संस्कार करून दगड ओला ठेवतात; जिथे तेलकटपणा असेल तिथेच शाई धरते, बाकीच्या ओल्या जागी धरत नाही. त्यामुळे घासून तयार केलेल्या दगडाला कोणाचे बोट लागले, तर त्या बोटाचा ठसा छपाईत काळा उमटतो. गणपत कृष्णाजींविषयी असे सांगतात की शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातल्या लोकांनी छापील पंचांगाला हात लावू नये असे होऊ लागले, तेव्हा त्यांनी तूप घातलेली शाई केली. स्वच्छतेच्या दोन कल्पना तिथे समोरासमोर आल्या होत्या. भटजींना चरबी अशुद्ध आणि दगडाला स्निग्धतेवाचून अक्षर अशक्य. तुपाने दोघांचेही समाधान झाले.

म्हणजे बोटाचे तेच तेल दगडावर अक्षर होते आणि काचेवर अक्षराचा घात करते. दगडावर हात लागला तर जास्तीचे काही छापले जाते, काचेवर लागला तर असलेले जाते. हे वाचले तेव्हा मार्चमधला तो गार स्पर्श आम्हांला आठवला; पण आम्ही पान उलटले.

पावसाळा संपता संपता वाचनकक्षाच्या सफाईत कोणीतरी ओल्या फडक्याने काच पुसली आणि खालच्या दोन ओळींतली अक्षरे पापुद्र्यासारखी निघून आली. आम्ही जाऊन पाहिले. उरलेली सगळी काच शाबूत होती. नखाने खरवडले तरी हलत नव्हती. गेलेला भाग तेवढा विचित्र आकाराचा होता. वर चार छोट्या गोलाया, खाली रुंद पसरट जागा. ज्याला माहीत नाही त्याला तो आकार कसलाच वाटला नसता.

समितीची बैठक झाली. काम निकृष्ट झाले असे ठरले आणि त्याची द्यायची राहिलेली निम्मी रक्कम रोखण्यात आली. विभागप्रमुख म्हणून आम्ही त्या बैठकीला होतो. आम्ही म्हणालो की मुलगा चांगला आहे, त्याला एक संधी द्यावी. हे वाक्य आम्ही उदारपणे उच्चारले, याची आज सर्वांत जास्त लाज वाटते.

तो काच न्यायला स्वतः आला. त्याने ती खिडकीशी धरली, तिरकी केली, पाहिली. मग विचारले, "सर, पुसल्यानंतर तिला कोणाचा हात लागला होता का? तुमच्या लक्षात आहे?"

आम्ही म्हणालो, "आठवत नाही."

तो बरे म्हणाला आणि काच कागदात गुंडाळून घेऊन गेला.

या लेखात आम्ही पहिल्यापासून ‘आम्ही’ म्हणतो आहोत. निबंधाच्या लेखनात ती जुनी रीत आहे आणि आम्हांला ती आवडते. पण त्या दिवशी ‘आठवत नाही’ म्हणणारा माणूस एकच होता, आणि काचेवर टेकलेला हातही एकाच माणसाचा होता.

साहित्य शिकवणाऱ्यांना कोऱ्या पाटीचे फार आकर्षण असते. विद्यार्थ्याचे मन कोरे असावे, वाचकाने पूर्वग्रह पुसून कलाकृतीकडे जावे, समीक्षकाने स्वतःला बाजूला ठेवावे, असे आम्ही वर्षानुवर्षे सांगितले. आपल्या जुन्या शाळांमधल्या धूळपाटीवर मूल बोटाने अक्षर गिरवी आणि पुन्हा धूळ सारखी करी. कोरेपणा म्हणजे इतकी सोपी गोष्ट, असा काहीसा आमचा समज होता. काचेने तो दूर केला. कोरे दिसणे आणि कोरे असणे यांत अंतर आहे. दिसत नाही तो मळ आपल्यावर वाफ सोडणारे कोणी भेटेपर्यंत कळत नाही. दुसरे असे की विरघळवणे म्हणजे काढणे नव्हे. ‘मुलगा चांगला आहे’ या वाक्याने आम्ही आमचा अपराध विरघळवला होता. तो उचलून मात्र घेतला नव्हता. त्यामुळे तो सगळीकडे सारखा पसरून तिथेच बसला.

आणि मळ कोणता, अक्षर कोणते, हेही प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. आईच्या बोटाचे तेल आम्ही संहितेचा भाग मानून शाईत उतरवले, ते योग्यच होते. आमच्या हाताचे तेलही त्याच मायेतून आले, असे आम्ही स्वतःला काही दिवस सांगून पाहिले. पण माया खरी असली तरी तिने दोन ओळी नेल्या होत्या आणि एका तरुणाचे पैसे अडकवले होते. जिव्हाळ्याने केलेली ढवळाढवळ पाठात किती खोल जाते, हे पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना आम्ही दुसऱ्यांच्या उदाहरणांनी शिकवत आलो. आता हाताशी आपले उदाहरण आहे.

दिवाळीनंतर आम्ही शिरूरला गेलो. जाण्याआधी महाविद्यालयाला पत्र दिले. काच तयार झाल्यानंतर आपण तिला हात लावला, समितीपुढे ते सांगितले नाही, तेव्हा रोखलेली रक्कम त्याला द्यावी आणि नव्या छपाईचा खर्च आपल्याकडून घ्यावा, असे त्यात लिहिले. गाळ्यात यंत्राच्या कडेला खंडेनवमीच्या हळदकुंकवाची बोटे अजून होती. सपाट पाट्यावर मात्र एक ठिपका नव्हता. आमची काच भिंतीशी उभी होती. ब्लेडने खरवडून त्याने सगळी शाई काढली होती, म्हणजे आईचे पूर्ण पान गेले होते. आम्ही उभ्या उभ्याच सांगितले, "अरे, तो हात माझा होता."

"माहीत होतं, सर," तो म्हणाला. "पंजाच दिसत होता. आणि गाळ्यात त्या दिवशी आपण दोघंच होतो."

"मग बोलला का नाहीस?"

यावर तो काही बोलला नाही. कापडाची घडी घालत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "पण चूक निम्मी माझीही आहे. मी फोनवर गेलो होतो. परत आल्यावर पुन्हा पुसायला हवं होतं. कोणाचा हात लागो न लागो, छापण्याआधीचं शेवटचं पुसणं माझं काम."

आम्ही वाद घातला नाही. तो आमचा भार कमी करत होता की आपल्या धंद्याचा नियम सांगत होता, हे ठरवता आले नाही, बहुधा दोन्ही. संहिता छापणाऱ्याच्या, संपादकाच्या, शिक्षकाच्या हाती सोपवली जाते तेव्हा तिच्यावर आधीच अनेकांचे हात पडलेले असतात. ते कोणाचे, हा प्रश्न नंतरचा. शेवटचे पुसणे ज्याच्या वाट्याला आले त्याने ते करायचे असते. ते आपले काम आहे असे म्हणायला जो तयार असतो, तो आमच्या मते आपला विषय नीट शिकलेला असतो, मग तो पुढे कोणत्याही गाळ्यात बसो.

त्याने तीच काच धुवायला घेतली. साबण, पाणी, मग न फाटणारा पाण्याचा पडदा. या वेळी छपाई मागच्या बाजूने करायची असे आम्हीच सुचवले. अक्षरे हाताला लागणार नाहीत, पण राहतील. तो अल्कोहोलचे कापड भिजवू लागला तेव्हा त्याने कोरडे कापड आमच्या हाती दिले, आधी हातमोजे घालायला लावले आणि सांगितले, "माझ्या मागून या सर, ओलं आहे तोवर." आम्ही त्याच्यामागून कापड फिरवत गेलो, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, एकच फेर. कडेला पोचल्यावर कापड उलटून पाहिले. त्यावर काही दिसत नव्हते. त्याने नवी घडी काढायला सांगितली आणि पुन्हा सुरुवात केली.